साळवे काकांना ऐकू येत नव्हतं

सुजाताताई, हरेश सेठ, विहारातले बांधव, काकांच्या कंपनीतले जुने मित्र, आणि सगळी मंडळी,

तुम्ही कामधंदा बाजूला ठेवून आलात. मागच्या चार ओळी रिकाम्या आहेत, त्या रिकाम्याच राहू द्या. जेवढे आलात तेवढी काकांची माणसं.

मला माईकवर बोलायची सवय नाही. मी टेम्पो चालवणारा माणूस. त्यात काकांबद्दल मोठ्याने बोलायचं, हे मला जास्तच अवघड जातंय. कारण गेली तीन वर्षं मी त्यांच्याशी मोठ्याने बोललोच नाही. वहीत लिहून बोललो. ते का, हे सांगायला मी उभा राहिलोय. त्यात माझी एक चूक आहे. तीही सांगणार आहे. ताईंना विचारून घेतलंय.

यशवंत साळवे. अंबरनाथच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. पुष्पाकाकू लवकर गेल्या. मूलबाळ नाही. कंपनी बंद झाली तेव्हा काकांनी शिवमंदिराच्या बाजूला, खोलीपुढे पत्र्याची शेड टाकली आणि टू-स्ट्रोक गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायला घेतली. फक्त टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकवाला आला की म्हणायचे, पुढच्या चौकात जा.

मी हरेश सेठच्या कारखान्यात कामाला. कॅम्प तीनमधल्या त्या कारखान्यातून जीन्स भरायच्या, धुलाईला न्यायच्या, परत आणायच्या. एकदा सेठच्या भावाने दुबईहून एक गाडी पाठवली. चार चाकांची बाईक. जाड टायर, बाईकसारखं हँडल, सीटखाली अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला सेठचं फार्म आहे, तिथे ती उभी होती. चालूच होत नव्हती. सेठ म्हणाले, "अरे प्रकाश, इसको कोई चालू करके दे, तो तू ही चला." सेठ हसतायत बघा. आठवतंय त्यांना.

गाडी टेम्पोत घातली आणि काकांकडे नेली. काका तिच्याभोवती दोनदा फिरले. मग विचारलं, चालू करायचीय की पळवायचीय? मी म्हटलं, फरक काय? ते म्हणाले, फरक सहा महिन्यांचा आहे.

सहा महिने खरंच लागले. काकांनी ते इंजिन पार उघडलं. धूर बाहेर जायचं भोक, एक्झॉस्ट पोर्ट, ते बारीक कानशीने अर्धा मिलिमीटर वर नेलं. तेवढ्या अर्ध्या मिलिमीटरला त्यांना तीन दिवस लागले. पत्रा कापून, वळवून, जोडून मधे पोट असलेला नवा एक्झॉस्ट पाईप केला. तो पसंत पडला नाही, दुसरा केला. मागचा अ‍ॅक्सल लेथवर नवा काढला, थोडा लांब, म्हणजे वळणावर गाडी उलटणार नाही.

आणि मग ऐकायचं काम. भात कापून झालं की आमच्या गावची शेतं मोकळी होतात. रविवारी तिथे मी गाडी पळवायची आणि काकांनी बांधावर उभं राहायचं. डोळे मिटून. मी परत आलो की सांगायचे, तिसऱ्या गिअरमध्ये मधेच अडखळतेय, जेट एक नंबर लहान कर. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा तुकडा, मक्याच्या दाण्याएवढा, त्यातल्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक मोठं झालं तर इंजिन गुदमरतं. लहान झालं तर उपाशी पडतं, तापतं आणि जाम होतं. हे सगळं काका नुसतं ऐकून सांगायचे. एकदाही चुकले नाहीत.

कर्जतच्या बाजूला एकाने स्वतःच्या जागेत मातीचं मैदान केलं होतं. अशा गाड्या असलेले पाच-सहा जण तिथे जमायचे. पहिल्या वर्षी आम्ही पहिले आलो. सगळ्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा नव्या. परत येताना काका टेम्पोत पुढे बसले होते. बदलापूर आलं तेव्हा म्हणाले, पुष्पाला सांगायला हवं होतं.

मंडळी, इथपर्यंतचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी काका बदलले. एक गोष्ट दोनदा विचारायला लागले. बांधावरून उतरून अगदी जवळ येऊन उभे राहायचे. गाडी चालू असताना टाकीवर हात ठेवायचे. आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, बरोबर आहे. आधी कधी पटकन बरोबर आहे म्हणाले नव्हते. मला वाटलं, आता कामावर विश्वास बसला. माणसाला आपल्या सोयीचं तेच वाटतं.

शेजारी म्हणायला लागले, साळवे गर्विष्ठ झाला, हाक मारली तर बघत नाही. विहारात यायचेही बंद झाले. तेव्हा कुणी विचारलं का त्यांना? मी विचारलं नाही. मी दर आठवड्याला भेटत होतो, तरी विचारलं नाही.

त्या थंडीत कर्जतला पुन्हा शर्यत होती. थंड हवेत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, हे मला काकांनीच शिकवलेलं. म्हणून त्यांनी बजावून ठेवलं होतं, सकाळी लवकर पोचायचं, एक फेरी पूर्ण वेगात मारायची, प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघून जेट ठरवायचा. मी तासभर उशिरा पोचलो. उशीर माझा. मित्रांबरोबर नाश्त्याला थांबलो होतो. काकांनी फेरीचा आग्रह धरला. मी म्हटलं, वेळ नाही, नुसतं ऐकून सांगा. खुणेनेच सांगितलं, कानाला हात लावून. मी जागच्या जागी इंजिन रेस केलं. काका वाकून उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मग ते म्हणाले, "ठीक आहे."

मैदानाच्या लांब सरळ पट्ट्यात, पाचव्या गिअरमध्ये इंजिन जाम झालं. मागची दोन्ही चाकं जागच्या जागी अडकली आणि मी हँडलवरून पुढे गेलो. खांद्याचं हाड मोडलं. लोक धावत आले, काकाही आले. आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या, वीस-पंचवीस माणसांसमोर, ओरडलो, "काका, बहिरे झालात का तुम्ही?"

काका म्हणाले, "हो हो, पाणी गाडीत आहे, आणतो."

लोक हसले. काका पाणी आणायला गेले. लोक का हसले ते त्यांना कळलं नाही, पण हसले हे दिसलं. बाटली माझ्या हातात दिली आणि बाजूला जाऊन गाडीजवळ बसले.

मला तेव्हाही कळलं नाही, मंडळी. मला वाटलं, थट्टा करतोय म्हातारा.

आठ महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. हाड जुळलं, टेम्पो चालू झाला, आठवड्यातून दोनदा अंबरनाथवरून जायचो. त्यांच्या गल्लीत वळलो नाही. जो विचारेल त्याला सांगायचो, साळव्यांनी मला पाडलं. तासभर उशीर झाला होता, हे कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

पावसाळा संपता संपता काकांच्या भाची सुजाताताई शिवमंदिराजवळ रिक्षाची वाट बघत भेटल्या. मी मामांची चौकशी केली, आपली तोंडदेखली. ताई म्हणाल्या, "मामाला वर्ष होऊन गेलं, काहीच ऐकू येत नाही. कंपनीतल्या आवाजाने गेले कान. कानाला मशीन लावून बघितलं, उपयोग नाही. कुणाला सांगू नकोस म्हणतो. प्रकाशला तर नकोच. त्याला कळलं तर तो गाडी आणायचा बंद होईल म्हणतो."

मी गाडी आणायची बंद केलीच होती.

त्या संध्याकाळी मी दुकानातून एक वही आणि पेन घेतलं आणि काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. काका स्टुलावर बसून पक्कड पुसत होते. पुसण्यासारखं त्या पकडीवर काही नव्हतं. मला बघून उठले. खांद्याकडे बोट करून विचारलं, जुळला का? मी मान हलवली. मग खाली बसून वहीत लिहिलं. सगळं लिहिलं. उशीर मी केला. दोष तुम्हाला दिला. आणि त्या दिवशी मैदानावर मी काय ओरडलो, तेही शब्दाला शब्द लिहिलं.

काकांनी वही हातात घेतली. चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "बरं झालं, तेव्हा ऐकू आलं नाही."

एवढंच. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. म्हणाले, गाडी कुठाय?

सिलिंडरला नवा बोअर मारला, नवा पिस्टन घातला. पण आता ऐकायचं काम माझ्याकडे आलं. मी फेरी मारायची, पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद करायचं, प्लग काढून त्यांच्या हातात द्यायचा. आणि आवाज कसा होता ते वहीत लिहायचं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, चांगला. काका रागावले. "चांगला म्हणजे काय? चांगला हा आवाज नाही." मग मी शिकलो. लिहायला लागलो, नव्या जीन्सचं कापड फाडल्यासारखा. ते म्हणायचे, उपाशी आहे, जेट दोन नंबर मोठा घाल. लिहायचो, तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा. म्हणायचे, जास्त झालं, एक कमी कर. मी लिहीत असताना ते माझ्या हाताकडे असे बघायचे, जसं जेवायला बसलेला माणूस वाढणाऱ्याकडे बघतो.

मी त्यांना मोबाईल घेऊन दिला, थरथरणारा. इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज पाठवले. म्हणाले, ही कुठली भाषा? परत दिला. दाराच्या बेलला मी आत एक लाल दिवा जोडून दिला. बटण दाबलं की दिवा लागायचा. तेवढा त्यांना आवडला.

कर्जतला आम्ही आणखी एकदा गेलो. तिसरे आलो. काका दोरीपाशी उभे होते, सगळ्या गाड्या समोरून जाताना तळवा हवेत धरून. शर्यत संपल्यावर विचारलं, कसा होता? मी तीन पानं लिहिली. ती त्यांनी वहीतून फाडून खिशात ठेवली.

पुढे सेठनी गाडी विकली. माझं लग्न झालं. मी दर मंगळवारी जायचो, मग एक मंगळवार सोडून जायला लागलो. जाऊन मी अर्धा तास लिहायचो आणि निघायचो. मी निघाल्यावर त्या खोलीत त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आज मी इथे त्यांचा जवळचा माणूस म्हणून उभा आहे. पण खरं सांगायचं तर आठवड्याचे बाकीचे सगळे तास ते एकटेच होते. शेवटचे तीन आठवडे तर मी गेलोच नव्हतो. शेजारच्या वहिनींनी सकाळी बेल दाबली. खिडकीतून त्यांना दिवा लागलेला दिसला, आणि समोर स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले काका दिसले. त्यांनी बराच वेळ बटण दाबून धरलं, म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा.

नसावा. मला माहीत नाही. मी नव्हतो.

सुजाताताई, तुमच्या मामांनी मला ऐकायला शिकवलं, आणि त्यांचं स्वतःचं ऐकायला मी फार उशिरा शिकलो. याची माफी मी त्यांच्याकडे मागितली होती. आज तुमच्याकडेही मागतो.

मंडळी, आपण आता उभे राहूया. मागे बसलेल्यांनी पुढे या. लांब लांब उभे राहू नका, एकमेकांच्या शेजारी या, खांद्याला खांदा लागेल असे. दोन मिनिटं शांत राहूया, आणि त्या दोन मिनिटांत फक्त यशवंत साळवे या माणसाची आठवण काढूया.

काका, जय भीम.