फाटकाची किल्ली

पोस्टमन गास्तोंला टपाल वाटायला उशीर होत होता, पण बेकरीच्या रांगेत पुढे उभ्या ओडेतचं गाऱ्हाणं संपेना.

“चार पाव दे, सिमोन.”

“एवढे? पावाची गाडी येते ना तुमच्या दाराशी?”

“कशी येईल? आमच्या दारावरून जाणाऱ्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर खडी टाकून सायकलींचा रस्ता केलाय. मोटारी बंद! दोन्ही टोकांना फाटक, फाटकाला कुलूप.”

“मग किल्ली?”

“नगरपालिकेत. ती उघडते फक्त मंगळवारी आणि गुरुवारी. काल आमचे हे ट्रॅक्टर घेऊन आत गेले, मागून कुलूप लागलं, ट्रॅक्टर आतच अडकला. आज बुधवार!”

“अगं, पण मोटारी बंद करायचा ठराव तुझ्या नवऱ्यानंच मांडला ना?”

“मांडला, आणि सगळ्यांत आधी हातही वर केला! आता बसलेत घरात, गुरुवारची वाट बघत.”

“मग तू एवढ्या डोंगरातून आलीस कशी?”

“लेकीच्या सायकलवरून, फाटकाशेजारच्या फटीतून, त्याच रस्त्यानं. एक चढ नाही, एक मोटार नाही, दोन्हीकडे नुसती झाडं. वीस मिनिटांत पोचले.”

“म्हणजे बरा आहे की रस्ता!”

“सुंदर आहे मेला! पण ह्यांच्या कानावर गेलं ना, तर तुझ्याशी बोलणं बंद.”