धागा म्हणतो एकेचाळीस

...मग मला नको का विचारायला? मांडी माझी, मांडीतली गाठ माझी, भाजतंय मला, आणि विचारतात कुणाला? तर धाग्याला!

तुम्हाला सांगतो, केसाएवढा काचेचा धागा, सुईनं थेट गाठीत सरकवलेला. धातूची तार चालत नाही म्हणे, गाठ तापवायच्या यंत्राच्या लहरींनी तीच तापते. हा धागा आतली उष्णता पडद्यावर सांगणार. त्रेचाळीस अंश, एक तास. जमलं तर गाठ आटेल, नाहीतर पाय कापायचा. आणि आच जास्त झाली तर चांगलं मांसही भाजणार. अहो, मी निश शहरात चाळीस वर्षं बुरेक, म्हणजे खिमा भरलेल्या पापुद्र्याच्या पोळ्या, भाजलेत, भट्टीपुढे नुसता तळहात धरून आच सांगतो मी! पण मला विचारतंय कोण?

बरं, सुरुवात झकास झाली. पडद्यावर त्रेचाळीस. एवढ्यात आमची बायको आली, स्लाविंका. हातात नर्सबाईंसाठी कॉफीचा पुडा, मग तिला अडवणार कोण? बघते तर खिडकी उघडी, दार उघडं, आणि मधोमध मी उघड्या मांडीनं. आता अशा झुळकीनं माणूस जातो हे मलाही मान्य आहे, माझा सख्खा मावसा तसाच गेला. पण हिनं काय करावं? खिडकी लावली, दार लावलं, आणि लोकरीची शाल माझ्या मांडीभोवती अशी काही खोचली, की धागा सुटून आला शालीत! त्याला काय, शालीतही ऊबच. एकेचाळीस!

यंत्रापाशी उभे असलेले डॉक्टर, प्रोफेसर त्रायकोविच, म्हणाले, आच वाढवा. मी म्हटलं, भाजतंय. त्यांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही.

"मिलीसावकाका, धागा एकेचाळीस म्हणतो."

मी म्हटलं, मग पाय धाग्याचाच कापा! ऐकतंय कोण? वाढवलं. शेवटी मी बोंबललो तेव्हा नर्स लेपोसावानं शाल उचलली... मांडीवर लिंबाएवढा फोड, आणि धागा लोकरीत लोळतोय. एवढे शिकलेले लोक, तासभर शालीचा ताप मोजत होते!

प्रोफेसर वरमले. म्हणाले, यापुढे धाग्याबरोबर तुम्हालाही विचारू. पुढच्या आठवड्यात मी छाती फुगवूनच आडवा झालो. धागा आत, स्लाविंका स्टुलावर. लेपोसावा वही घेऊन आली.

"काका, कसं वाटतंय? सोसतंय ना?"

मी तोंड उघडलं, तर स्लाविंका म्हणते, "त्यांना काही होत नाही, बाई. उलट थोडं गारच वाटतंय त्यांना."

आणि लेपोसावानं ते लिहून घेतलं!... त्यापेक्षा धागा बरा. बोलायच्या आधी निदान माझ्या मांडीत तरी शिरला होता.