मोरवण्याचं पाणी

—नाही, तो नळ नाही कापायचा. बाकी काय मोजायचंय ते मोज, अंगणात खड्डा मार, चुन्याच्या रेघा ओढ, पण पेरूखालच्या नळाला हात लावायचा नाही. बस तू आधी. बस रे. अरे-तुरे केलं तर चालेल ना? माझ्या विकीएवढाच असशील. ऋतुराज ना? गळ्यातल्या कार्डावर दिसतंय. परत एकदा सांग मला—चार पालिका मिळून एकच आराखडा, ज्याला जे पाणी जवळचं त्याला ते. म्हणजे आम्हाला आता नदीचं, मोठ्या पाइपातून, आणि ही धरणाची जुनी लाईन बंद. हो हो, समजलं. बारावी झालीये मी, कल्याणला. चांगलंच आहे ते. एकाकडे धो धो, एकाकडे बादलीभर, पाणी लांबून आणायचं आणि वाटेत निम्मं गळायचं—कोणीतरी बसून हे जुळवायलाच हवं होतं. समोरच्या टॉवरवाले तर पेढे वाटतील तुला. पण धरणाचं पाणी म्हणजे मोरवण्याचं पाणी, आणि मोरवणं तुला माहीत नसणार. नकाशात नाही ना ते आता.

माझ्या सासूचं माहेर ते. रंगूबाई तिचं नाव. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत मूठभर घरं, खाली ओढा. आईबाप लवकर गेले, मागे दोघंच उरली—ही आणि धाकटा भाऊ धाकू. हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन इथे ठाकुर्लीला यायला निघाली तेव्हा तो बैलगाडीच्या मागे धावत आला, वेशीपर्यंत, आणि तिथे उभा राहून ओरडला म्हणे—ताई, तिकडे कोणी काही बोललं तर सांग, मी येतो. एवढासा तर होता! आणि इथे काय होतं तेव्हा? हे टॉवर-बिवर काही नव्हतं. शेतं, आणि बांधापर्यंत येणारी खाडी. घरात भात रग्गड, मासळी रग्गड, पाणी मात्र मचूळ. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. गोडं पाणी फक्त रेल्वेच्या कॉलनीत. रूळ ओलांडून जायचं, तिथल्या बायकांच्या हातापाया पडायचं, वॉचमनने हाकललं तर रिकाम्या हंड्याने परत. कोणी शिकवलं होतं तिला हे? तिच्या दारात ओढा वाहायचा. तर अशीच एकदा पोटुशी असताना डोक्यावर हंडा घेऊन रूळ ओलांडत होती, खडीवरून पाय सटकला. पोर गेलं. पहिलं. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने विचारलं, पाण्याला कोण जाणार? वाईट नव्हती हो ती म्हातारी. घरात पाणीच नव्हतं, तिने तरी काय विचारायचं?

पुढे काही वर्षांनी मोरवण्यात साहेबलोक आले. चिंचेखाली सतरंजी टाकली, नकाशा पसरला. इथे भिंत बांधणार, इथून पाणी जाणार, खाली इतकी शहरं पिणार. लोकांना बदली जमीन, बदली घर. हळूहळू सगळे तयार झाले, धाकू सोडून. तरणाताठा झाला होता तोवर, एकटाच राहायचा, ओढ्याकाठी त्याची वाडी होती. म्हणायचा, मी नाही हलत, तुम्ही बांधा तुमची भिंत. मग एक साहेब शोधत शोधत इथे आला आमच्या घरी. आता तू बसलायस ना, तिथेच बसला असेल. म्हणाला, बाई, तुमच्याशिवाय तो कोणाचं ऐकायचा नाही. आणि बघ, त्याने काही खोटं सांगितलं नाही. पाणी येणार म्हणाला, ते आलंच की.

गेली ती माहेरी. भावाला जेवायला वाढलं, समोर बसली, आणि रुळावरची गोष्ट सांगितली. तोवर सांगितलीच नव्हती त्याला. ताटातला हात तसाच राहिला त्याचा. मग एवढंच विचारलं—ताई, तुझ्याकडे नळ येईल? ती म्हणाली, येईल म्हणतात. घरात? अंगणात. गोडं पाणी? आपल्या ओढ्याचंच, धाकू. मग तो हसला, हात धुतला आणि म्हणाला, मग घेऊन जाऊ दे त्यांना. मीच येतोय तुझ्याकडे असं समज.

हे असं बोलला तो. तू ऐकतोयस ना? मीच येतोय असं समज. साधं बोलणं आहे, माणूस बोलतो असं.

भिंत झाली. लोक वर नव्या वस्तीत गेले, धाकूही गेला. दुसऱ्यांची कौलं, वासे सगळं त्यानेच वाहून दिलं. पाऊस लागला, ओढा फुगून मागे सरकायला लागला, शेतात आला, अंगणात आला. धाकू म्हणाला, दाराची चौकट राहिली, सागाची आहे, बापाने केलेली, काढून आणतो. गुडघाभरच पाणी होतं म्हणे तेव्हा. खांद्यावर पहार टाकून गेला. वरून लोक बघत होते. दारातून आत शिरताना दिसला—बाहेर येताना कोणाला दिसला नाही. घर बसलं की पाणी एकदम चढलं, कोण सांगणार? होड्या घातल्या, गळ टाकले. काही नाही. चौकटसुद्धा नाही. रंगूबाईला कळवलं तेव्हा ती रडली नाही. ऊर बडवला नाही, सुतक पाळलं नाही. म्हणाली, बघितलंय का कोणी मेलेलं? मग?

आणि मग इथे नळ आला. हाच. माझ्या नवऱ्याला आठवायचं ते, लहान होता—नळाला झेंडूचा हार, नारळ, गावातल्या सगळ्या बायका हंडे घेऊन. रंगूबाईने हळदकुंकू लावलं, पहिला हंडा भरला, आत बघितलं. बराच वेळ बघत राहिली म्हणे. मग हंडा उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. तिथून पुढे वर्षानुवर्षं, सांगते तुला, तिने त्या नळाचं पाणी तोंडात घातलं नाही. घरच्यांना पाजायची, पाहुण्यांना द्यायची, माझ्या करिश्माला त्याच पाण्याने न्हाऊ घातलं. स्वतः मात्र मचूळ पाणी. मुतखडे झाले, डॉक्टर ओरडले, विहीर गटाराने घाण झाली तर उकळून, गाळून, पण तेच. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा विचारलं, आई, असं का? तर कसं बोलली—भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं—म्हणाली, तोंडात कसं घालू गं? माझा भाऊ आहे त्यात.

मी हसले. भिशीत बायकांना सांगून हसले. म्हातारी माणसं, म्हटलं.

मग ते पाणीकपातीचं वर्ष आलं. तू कॉलेजात असशील. आठवड्यातून दोनदा पाणी, टँकर, मोर्चे. टीव्हीवर दाखवत होते, धरणाचा तळ दिसायला लागला, जुन्या गावाची जोती वर आली. रंगूबाई टीव्हीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला ने. या वयात कुठे, आई? मला ने. विकीने गाडी काढली, मी बरोबर गेले. तिने काय घेतलं असेल बरोबर? तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. फडक्यात बांधून. मला वाटलं आमच्यासाठीच.

भेगाळलेला चिखल नुसता, दूरवर. मधेच चिंचेचं काळं खोड. काठी टेकत अशी सरळ चालत गेली ती, कोणाला न विचारता, जशी बाजारातून घरी चालली. एका जोत्यापाशी थांबली. चार दगड, बस. पण चप्पल काढली, उंबरा असेल त्या जागी वाकून नमस्कार केला, पाय उचलून आत गेली. आणि बसली. फडकं सोडून भाकरी मांडली, हाक मारली—धाकू, ये रे, दोन घास खाऊन घे. ऊन असं की विकीच्या डोळ्यांवर अंधारी यायला लागली, आणि ही तिथे बसून राहिलेली. मधेच हाक मारायची. मधेच जमिनीला कान लावायची. मी म्हटलं, आई, चला. तर माझ्याकडे बघितलं. अरे, चेहरा बदलला होता रे तिचा. घाबरली होती. म्हणाली, बेबी, हा इथे नाही. इथे कोणीच नाही. मग इतकी वर्षं कुठे होता? आणि स्वतःच उत्तर दिलं तिने, तोंडावर हात ठेवून—अगो बाई, तो आला होता गं. सांगून आला होता. मी त्याला दारातच उभा ठेवला.

भाकरी तिथेच ठेवून आलो.

घरी आली ती थेट नळापाशी. पाणी नव्हतं, कपात होती. बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. पाणी यायच्या आधी हवा येते ना नळातून, तुला माहीतच असेल, तुझं कामच ते—हूंऽऽ असं, खोलवरून. ती म्हणाली, दमला गं, लांबून आला. ओंजळ धरली. प्यायली. काय प्यायली ती! पदर, चोळी सगळं भिजलं, प्यायची आणि रडायची, इतक्या वर्षांचं रडणं. तिथून पुढे नळाशेजारी पाट टाकून बसायची ती. त्याच्याशी बोलायची. आज काय केलंय जेवायला, कोण आलं, कोण गेलं. नळ बंद करू द्यायची नाही पूर्ण, दार लोटून घ्यायचं नाही म्हणायची. शेजारचे ओरडायचे, पाणी वाया जातं. जायचंच की. मी खाली बादल्या लावायचे. मला काय माहीत—म्हणजे, मला माहीत होतं की हवा असते ती. प्लंबरने सांगितलंय. प्रेशर असतं.

गेली ती शांतपणे. झोपेत. तिचं काय करायचं ते तिनेच सांगून ठेवलं होतं मला, एकटीला. गणेशघाटावर नको, नाशिकला तर नकोच. म्हणाली, मला मोरवण्याला सोड. तिथून मी येते बरोबर घरी, रस्ता आहे आता. मी—

हे लिहू नकोस. पेन ठेव खाली. तिथे जाऊ देत नाहीत, पिण्याचं पाणी आहे, बोर्ड लावलाय, मला कळतं. किती असते रे राख? एवढीशी पुरचुंडी. बाकी सगळी नवऱ्याने खाडीत सोडली, रीतीप्रमाणे. मी एवढीच पदरात बांधून नेली, विकीला सांगितलं देवदर्शनाला जायचंय. काठावर उभं राहून सोडली. वारा होता, पाण्यावर पसरली आणि गेली. बस. कोणाला काय झालं त्याने? कोणाला काही नाही झालं.

फक्त नळाचा आवाज बदलला.

आधी एकच आवाज यायचा, हूंऽऽ. आता तो येतो आणि मागून दुसरा येतो. बारीक. काचेच्या बांगड्या भरलेला हात कोणी भिंतीला टेकवला तर किणकिणतो ना, तसा. नवऱ्याला ऐकायला यायचा नाही. तोही गेला मागच्या वर्षी. विकी-करिश्माला तर वेळच नाही. मला येतो. वायसर बदलला, नळ बदलला, तरी येतो. आणि मी काही भीत नाही, बरं का. भ्यायचं काय त्यात, माझीच सासू. दुपारी दोघांसाठी दोन वाट्या मांडते. वेडी नाही मी. नुसत्या मांडते.

असा नको बघू. मी विचारते त्याचं उत्तर दे. ही लाईन इथे कापली की धरणाचं पाणी जाणार कुठे? वाया तर नाही ना घालवणार? —हं. वळवणार. कुठे? टिटवाळ्याला? नव्या बिल्डिंगांना? आणि कधीपासून? दिवाळीनंतर. नक्की ना? नाही, थांबवू नकोस, सही देते मी तुला, कुठे करायची सांग. माझ्या एका नळासाठी सगळ्यांचं नको अडायला, तिकडेही कोणाची तरी पोटुशी सून हंडे वाहत असेल. पण तिकडचे लोक पहिलं पाणी गढूळ म्हणून सोडून देतात रे. मोरीत. सरळ गटारात. त्यांना कोण सांगणार? ती दोघं एवढ्या लांबून येणार, आणि दारात ओळखीचं कोणी नाही.

विकीला सांगते मी. मागची जमीन विकायची म्हणतच होता, बिल्डर रोज फोन करतो. टिटवाळ्यात एक खोली घ्यायची. तळमजल्याची. वर नको, वर जोर नसतो पाण्याला. तुला माहीत असेल ना, कुठल्या गल्लीत आधी येणार? ती गल्ली सांग मला. चिठ्ठी नको, तोंडी सांग. —हं. हं. बरं.

आता नीघ तू. खड्डा उद्या मार. नाही, आत्ता नाही, आता पाणी यायची वेळ झाली, आणि परक्या माणसासमोर ती दोघं बोलत—

जा बाबा. जा. गप्प, आली हवा.