छकूचं रडणं

(नाट्यगृहातली मेकअपची खोली. दुपारचा प्रयोग नुकताच संपलाय.)

गोगलगाय : पाठ फिरवून उभी राहिलीस म्हणून मी ओळखणार नाही होय?

टिटवी : बाई, प्रेक्षकांना आत यायला मनाई आहे. दारावर लिहिलंय.

गोगलगाय : वाचलं. वाचूनच आले. टिटवे, अगं मी गोगलगाय!

टिटवी : त्या नावानं हाक मारणारं इथे आता कुणी नाही.

गोगलगाय : मी मारतेय की. बघ ना इकडे.

टिटवी : आधी सांग, तुला कळलं कसं? जाहिरातीत माझं नाव नाही. स्टेजवर मी येत नाही. विंगेत असते, माइकपुढे, स्टुलावर.

गोगलगाय : दुसऱ्या अंकात ते पाळण्यातलं बाळ रडलं ना, तेव्हाच.

टिटवी : बाळं सगळी सारखीच रडतात.

गोगलगाय : हे तू आईला सांगतेस? आधी दोन लांब सूर, मग श्वास अडकतो, मग उचकी, आणि उचकीनंतर नुसता संताप. ते माझ्या छकूचं रडणं आहे. ऑफिसची सहल आमची, शेजारी हेडक्लार्क बसलेला, आणि माझी छाती भरून आली. म्हणजे खरोखरची, दूध उतरायचं तशी. या वयात! पर्स छातीशी घट्ट धरून बसले.

टिटवी : अगं बाई!

गोगलगाय : हेडक्लार्क म्हणतो, नाटक फारच आवडलेलं दिसतंय मॅडमना.

टिटवी : ते रडणं माझ्या गळ्यातच राहिलं गं. तुझा नवरा बोटीवर, तू ओली बाळंतीण, आणि आपल्या त्या खोलीत तीन माणसं मावत नव्हती. पोरीला खांद्यावर टाकून मी संवाद पाठ करायचे. ती रडली की मीही तस्संच रडून दाखवायचे. मग गप्प! डोळे मोठ्ठे करून बघत बसायची, हे दुसरं बाळ कुठून आलं म्हणून.

गोगलगाय : आणि मी तुम्हा दोघींना ओरडायचे. आता वाटतं, तेवढीच काय ती श्रीमंती होती.

टिटवी : तू नाटकात परत येणार होतीस.

गोगलगाय : येणारच होते. पण पोर लहान, ऑफिसची नोकरी चालून आली. म्हटलं, छकू जरा मोठी होऊ दे. मोठी झाली तोवर मला कोण ओळखतंय? तू मात्र दौऱ्यावर गेलीस ती गेलीसच. आधी फोन यायचे, मग तेही बंद. नाटक कंपनीत विचारलं तर कुणी म्हणे लग्न केलं, कुणी म्हणे भांडून गेली. ज्याच्या तोंडाला येईल ते.

टिटवी : बरं, वळते. पण लगेच काही बोलू नकोस.

गोगलगाय : नाही बोलत.

टिटवी : एका सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी ओठातून गळायला लागलं. तोंडाची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. डोळा सुधारला थोडा, ओठ काही सुधारला नाही. अर्ध्या तोंडाची नायिका कोण ठेवणार? आवाज तेवढा शाबूत. तेव्हापासून दाराची करकर, शेजारचं कुत्रं, पाळण्यातलं बाळ, सगळं माझ्याकडे.

गोगलगाय : मला का नाही कळवलंस?

टिटवी : तू आली असतीस.

गोगलगाय : धावत आले असते!

टिटवी : तेच तर. मला बघून रडली असतीस, मग तुझी समजूत मलाच काढावी लागली असती. तेवढं बळ नव्हतं गं तेव्हा.

गोगलगाय : आता नाही रडत, बघ.

टिटवी : रडतेयस की धो धो.

गोगलगाय : हे तुझं नाही, छकूचं आहे.

टिटवी : कशी आहे ती?

गोगलगाय : समुद्रापलीकडे असते. चांगली नोकरी आहे. रविवारी फोन करते. आई, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, चल ठेवते. गुणी आहे पोर, कामात असते. तिचं माझ्यावाचून अडत नाही, हे चांगलंच ना? मीच तशी वाढवली. पण आज ते रडणं ऐकलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले होते. कुणाला तरी मी हवी होते, टिटवे.

हेडक्लार्क : (दारातून) मॅडम, इथे आहात होय! सगळे बसमध्ये बसलेत. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला.

गोगलगाय : तुम्ही व्हा पुढे, साहेब.

हेडक्लार्क : आणि तुम्ही? अजून तळ्यावर जायचंय, ग्रुप फोटो आहे.

गोगलगाय : माझ्या जागी कुणालाही उभं करा. मी ट्रेननं येईन.

हेडक्लार्क : पण असं मध्येच…

गोगलगाय : साहेब, माझं बाळंतपण हिनं केलंय.

हेडक्लार्क : असं होय. नमस्कार हां ताई. मग या तुम्ही सावकाश. मी सांगतो सगळ्यांना.

टिटवी : भला माणूस दिसतोय.

गोगलगाय : आहे. नाटकात घोरतो, पण भला आहे.

टिटवी : संध्याकाळी पुन्हा प्रयोग आहे. विंगेत बसशील माझ्याजवळ?

गोगलगाय : हाकललंस तरी बसेन. पण आता रडणं नको. छकूचं हसणं कर ना एकदा.

टिटवी : ते नाही येत मला.

गोगलगाय : चल, काहीतरीच!

टिटवी : खरंच. ती आवाज काढून हसायला लागायच्या आधीच मी दौऱ्यावर गेले. झोपेत हसायची तेवढंच पाहिलंय, बिनआवाजाचं. दिग्दर्शक मागे लागलाय, शेवटी बाळ हसलं पाहिजे म्हणून. दरवेळी काहीतरी कारण काढते.

गोगलगाय : मी शिकवते. आधी घशातल्या घशात, गुळणी केल्यासारखं. मग एकदम वर, हिक्! आणि मग घसरगुंडीवरून आल्यासारखं खाली.

टिटवी : करून दाखव.

गोगलगाय : ग्गग्ग… हिक्! ह्हेहेहे…

टिटवी : ही तर अंडं घातलेली कोंबडी!

गोगलगाय : मी काय आवाजाची राणी आहे? तू कर.

टिटवी : ग्गग्ग… हि… नको गं. हसताना तोंड फार वाकडं होतं माझं. कुणासमोर हसतच नाही मी.

गोगलगाय : तिचंही वाकडंच व्हायचं. कर पुन्हा.