श्वसनाखाली न सापडणारा लेख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. विजयसिंह सर, व्यासपीठावर विराजमान विभागप्रमुख, सत्कारमूर्ती ग्रंथपाल वृषालीताई, बारामती-इंदापूरहून वेळ काढून आलेले पाहुणे आणि विद्यार्थिमित्रहो,

मी राजेश्वरी, शरीररचना शिकवते. माझा दिवस मृतांच्या सहवासात जातो, त्यामुळे निरोपाची सवय आहे. आजचा मात्र जड जातोय. पत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' असं छापलंय. छापलेलं सगळंच खरं मानायचं नसतं, हे मी ग्रंथालयातच शिकले.

वृषालीताईंचं काम काय होतं? विद्यार्थ्यांना वाटतं, 'शांतता राखा' म्हणून ओरडणं. तेही त्या मनापासून करत. पण खरं काम म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या लेखांना विषयशब्द लावणं. कोणी काळीज लिहितं, कोणी हृदय. यादीत शब्द एकच. हृदय, श्वसन, पचन, मज्जासंस्था. यादी जगभर ठरलेली. घाईतल्या डॉक्टरने संगणकात शब्द टाकला की त्यावरचे सगळे लेख समोर यावेत, एवढाच हेतू. आजार दोन ठिकाणी असेल तर दोन शब्द लावावेत, हाही नियमच.

आपण मात्र आपली रीत पाडली. विषयशब्द ज्या विभागाचा, लेख त्या विभागाच्या नावावर. तपासणीचं पथक येतं तेव्हा प्रत्येकाला आपली रास मोठी दाखवायची असते ना! मग ठरलं, एका लेखाला विभागाचा एकच शब्द. भावाभावांनी बांध घालून रान वाटावं, तसं आपण माणसाचं शरीर वाटून घेतलं. मी रोज शरीर उघडते. आत कुठे बांध दिसला नाही अजून.

नरसिंहपूरच्या एका शेतकऱ्यावर आपल्याच डॉक्टरांनी लेख लिहिला होता. फवारणीचं औषध अंगात गेलं, उपचारांनी माणूस सावरला, आणि दोन-तीन दिवसांनी मान उचलेना. पाठोपाठ श्वास थांबला. मान पडली की वाट पाहू नका, श्वासाचं यंत्र लावायची तयारी करा, एवढंच त्या लेखाचं सांगणं. आता हा लेख मज्जासंस्थेचा की श्वसनाचा? दोन विभागप्रमुख भांडले आणि लेख मज्जासंस्थेला गेला. "सर, श्वसन काढू नका हो," असं वृषालीताईंनी परोपरीने विनवलं होतं. कोणी ऐकलं नाही.

गेल्या हंगामात अंथुर्ण्याचा सिद्धू आपल्याकडे आला. डाळिंबावर फवारताना विषबाधा झाली होती. सावरला, भाकरी मागून खाल्ली. मग आई म्हणाली, "डाक्टर, ह्याला मान धरवंना." थकवा असेल, असं तिला सांगितलं गेलं. श्वास जरा उथळ वाटला तेव्हा पाळीवरच्या नव्या डॉक्टरने विषबाधा आणि श्वसन हे शब्द टाकून शोधलं. काहीच आलं नाही, म्हणून वाट पाहिली. लेख याच इमारतीत होता. दुपारी सिद्धू गेला.

त्याच आठवड्यात वृषालीताईंनी कोणालाही न विचारता त्या लेखाला श्वसन हा दुसरा शब्द लावला, आणि अंथुर्ण्याला जाऊन सिद्धूच्या आईला, बानूबाईंना, सगळं खरं सांगून आल्या. पुढची चौकशी आणि पुढची 'स्वेच्छा' आपण जाणताच.

बानूबाई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. मी बोलावलं त्यांना, तक्रार असेल तर ती माझ्याबद्दल करावी. मघाशी दारात त्यांनी मला विचारलं, "बाई, माझं लेकरू गेलं ते गेलं. पर आता दुसऱ्या कुणाचं आलं, तर डाक्टरला त्यो कागद घावंल का?"

मी म्हणाले, थांबा, बघून सांगते. ग्रंथालयात जाऊन तेच दोन शब्द टाकले. कालपर्यंत येणारा लेख आज आला नाही. ताईंनी किल्ल्या परत केल्या आणि कोणीतरी श्वसन हा शब्द काढून टाकला. अध्यक्षमहाराज, रानात फवारणी सुरू झाली आहे.

वृषालीताई, तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू? तरी मानते. शाल-श्रीफळ आणणाऱ्यांचे, चहापाणी बघणाऱ्यांचेही आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर व्यासपीठाने थोर मनाने पोटात घालावं. बानूबाई, तुम्ही मात्र आम्हाला माफ करू नका. त्यो कागद घावत न्हाय.