दादाच्या सीटची उंची

दादाची एक सरळ हँडलची सायकल होती, सात रस्ता चौकात कामावर न्यायचा ती. दादाचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी ती बाहेर काढली. पाय पुरेनात. तडक सायकल दुरुस्तीवाल्या मामांच्या दुकानात नेली.

"मामा, सीट खाली करा."

"दादाची गाडी पळवलीस व्हय रं?" मामा हसले. त्यांना दादाचं कळलेलं नव्हतं. त्यांनी सीट उतरवली, दांड्यावरची मळाची रेघही पुसून टाकली. मी बसलो. पाय टेकले, पण गाडी दादाची वाटेना; लगेच उतरलो.

"मामा, परत दादाएवढी करा."

"आता खूण कुटं हाय? रेघ तर पुसली. किती वर हुती, ते दादालाच इचारून ये की."

मी "व्हय" म्हणालो आणि सायकल ढकलत निघालो.