आईची तार

ब्लूज हे आत्म्याचं संगीत आहे, असं आमच्या मिसिसिपीतल्या ब्लूज संग्रहालयाच्या दारावर कोरलंय. दारापुढच्या रांगेत मात्र आत्म्यापेक्षा गुडघ्यांचीच चर्चा जास्त असते. आज माझ्यापुढे ऑडेसाबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ क्लिओटिस होते.

"ताई, ऐक माझं, घरी जाऊ."

"पाटीवरचं नाव बदलल्याशिवाय मी हलायची नाही. आपल्या घराची भिंत आत काचेत ठेवलीय. त्या भिंतीला तार ठोकून, तिच्यावर बाटली घासत ब्लूज वाजवायचं कोण? आई! आणि पाटीवर नाव कुणाचं? बाबांचं!"

"बाबा गेले ना आता."

"होते तेव्हा तीच तार त्यांनी दोनदा उपटली. सैतानाचं संगीत म्हणायचे."

"चर्चमधले काय म्हणतील? पाद्रीबुवांची बायको ब्लूज वाजवायची?"

"वाजवायची! अख्खी वस्ती नाचायची. तूसुद्धा, चड्डी सावरत."

"हळू बोल गं."

रांग सरकली आणि ऑडेसाबाई तिकीटखिडकीशी पोचल्या. "अगं मुली, तिकीट राहू दे. आमच्या भिंतीवर चुकीचं नाव कुणी घातलं?"

"आजी, भिंत देणाऱ्यानं सांगितलं, तेच आम्ही लिहिलं."

"कोण तो गाढव?"

क्लिओटिस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.